नव्या पार्टांनी जुनी डिलाइट मूळची कशी दिसेल?

फोंडेकर_डिलाइट:
नमस्कार मंडळी. आमची १९७१ची फियाट ११०० डिलाइट, जुन्या जीडी (गोवा-दमण-दीवच्या वेळच्या) नंबराची, पहिल्यापासून घरातच आहे. इंजिन ठीक, टिंकरचं काम झालं, रंगही मूळचाच फिकट करडा मारून घेतला. आता बारीकसारीक पार्ट लावायला घेतले आणि मन खट्टू झालं. मागचे दिवे नवे आणले, तर ते पेटल्यावर लालऐवजी गुलाबी दिसतात. दारांच्या कडेचं रबरी बीडिंग इतकं जाड की दार आपटल्याशिवाय लागत नाही. नवा बम्पर भलताच चकाकतो, बोल्ट पिवळेधमक. अण्णा आता थकलेत, पण या गाडीचं बटणन् बटण त्यांना पाठ आहे. चतुर्थीला त्यांना याच गाडीतून माशेलला न्यायचंय. नवे पार्ट जुने दिसण्यासाठी काय करता येतं? आणि असे पार्ट लावले तर व्हिंटेज नोंदणीला आडकाठी येते का?

म्हापसेकर:
नोंदणीचं सांगतो. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांच्या वर हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. दिव्याची काच न् बीडिंग त्यात येत नाही. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा तुमचा जीडी नंबर सुरक्षित आहे. 'व्हीए'ची मालिका नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी. मात्र व्हिंटेज म्हणून नोंद केलीत की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. अण्णांना अधूनमधून बाजारात न्यायचं असेल तर याचा आधी विचार करा.

डिचोलीचा वायरमन:
फोंडेकरबाब, मी गाड्यांचं वायरिंग करतो, त्यातही जुन्या फियाट आणि अँबेसिडर जास्त. माझं म्हणणं एकच: नवा पार्ट जुना दाखवण्याच्या मागे लागू नका. जुन्याचं कवच ठेवा आणि नवं ते आत घाला. नवं प्लास्टिक कितीही घासलं तरी डोळ्याला कळतंच.

मागचा दिवाच घ्या. धातूचा पाया, बल्बचा होल्डर, लाल काच (म्हणायची काच, असते प्लास्टिकची) आणि भोवतीची क्रोमची कडी, एवढाच त्याचा संसार. बाजारात सबंध दिवा मिळतो म्हणून आपण सबंध बदलतो. बिघाड बहुतेक वेळा होल्डरच्या गंजात असतो. जुना पाया फेकला नसेल तर तारेच्या ब्रशने घासा, गंज काढायचं औषध लावा आणि आतून पांढरा रंग मारा, म्हणजे उजेड मागे न मुरता बाहेर येतो. नव्या दिव्यातला होल्डर काढून जुन्या पायात बसवा. एक गोष्ट विसरू नका. या गाड्यांत दिव्याचं अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, पत्र्यातून असते. तुम्ही ताजा रंग मारलाय, तो स्क्रूखाली आला की दिवा मंद जळतो आणि लोक बल्ब बदलत बसतात. स्क्रूच्या जागेपुरता रंग खरवडा किंवा होल्डरपासून वेगळी काळी वायर चासीला ओढा.

जुनी काच तडकलेली नसेल तर तीच लावा. आधी साबणाने धुवा, मग १५०० आणि शेवटी २०००चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, वर रबिंग कंपाउंड. उन्हाने पांढुरका झालेला थर निघतो आणि खालचा गडद लाल वर येतो. तो लाल नव्या काचेत मला अजून सापडलेला नाही.

आता गुलाबीचं. तुमच्या नव्या दिव्यात पांढरा एलईडी आहे का ते बघा. लाल काचेमागे पांढरा एलईडी हमखास गुलाबी मारतो. साधा २१/५ वॅटचा दोन तारांचा बल्ब घाला आणि अंधार पडल्यावर पाहा. काचेला दोष देण्याआधी हे करा.

पुढचे दिवे सात इंची गोल. सीलबीम (काच न् बल्ब एकत्र असलेले जुने दिवे) गेले असतील तर एच-४ बल्बचा सेट घ्या, पण फुगीर आणि रेघांच्या काचेचा. गुळगुळीत पारदर्शक काच या तोंडावर शोभत नाही. ६०/५५ वॅटच्या जोडीला डिपरवरसुद्धा नऊ अँपिअरच्या वर करंट लागतो. तो सगळा जुन्या स्विचमधून नेऊ नका, रिले लावा, म्हणजे जड करंट रिलेतून जातो आणि स्विच फक्त रिलेला इशारा देतो. रिले दिसू नयेत म्हणून मी ते रेडिएटरच्या कडेच्या पट्टीमागे दडवतो आणि वायर कापडी टेपने गुंडाळतो. चमकणारी पीव्हीसी टेप बॉनेट उघडल्याबरोबर डोळ्यात भरते.

बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलात तरी रेग्युलेटरचा डबा जागेवर ठेवा. आतली जुनी जोडणी पूर्ण काढून टाका आणि नव्या वायरींचे जोड त्यातून न्या. बाहेरून जुनं तसं राहतं.

यातलं काहीही ब्रेकला लागू नाही. होज, व्हील सिलिंडरची रबरं, टायर हे नवेच हवेत आणि नवेच दिसू देत. आणि कुणी नव्या पार्टवर जुन्या कंपनीचा शिक्का मारून देतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका. पुढे गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर ती सरळ फसवणूक. मी तर दिव्याच्या पाठीवर मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवतो.

बेळगावचा_टर्नर:
वायरमनदादांशी सहमत, एक भर घालतो. बम्पर जुना असेल तर नवा परत करा. बाजारातल्या कित्येक बम्परांचा पत्रा पातळ असतो आणि क्रोमखाली तांब्या-निकेलचा पुरता थर नसतो. गोव्याच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात त्यावर लगेच तांबडे ठिपके येतात. जुना जाड पत्रा घासून आधी तांब्याचं, मग निकेलचं, शेवटी क्रोमचं पाणी चढवून घ्या. बारीक खड्डे तांबं भरून काढतं. बफिंगवाल्याला बजावून सांगा की कडा बोथट करू नको. ओळख कडांवरूनच पटते. चोर्ला घाटाने वर बेळगावला आलात तर उद्यमबागेत, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, चौकशी करा.

फोंडेकर_डिलाइट:
वायरमनबाब, आत पांढरा एलईडीच निघाला! साधा बल्ब घातला आणि गुलाबी गेलं. जुने पाये माळ्यावर आहेत, काचांपैकी एक फुटलीय, दुसरी शाबूत. दोन्हीकडे वेगळा लाल नको वाटतो. मुंबईला जुन्या टॅक्सींच्या भंगारात मिळेल का? आणि बोल्टांचं राहिलं.

डिचोलीचा वायरमन:
शोधायला हरकत नाही, पण आता पूर्वीसारखा माल येत नाही. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, तोवर मुंबई ही आमची खाणच होती. पद्मिनी म्हणजे पुढे नाव बदललेली तुमचीच गाडी, म्हणून पुष्कळ पार्ट जमतात. पण जाळी आणि दिवे वर्षागणिक बदललेत. फोटोवर विश्वासून पैसे पाठवू नका, शाबूत काच सोबत न्या आणि शेजारी धरून बघा. नाहीच मिळाली तर दोन्हीकडे नव्या लावा आणि जुनी जपून ठेवा.

बोल्टांचा पिवळेपणा म्हणजे जस्तावरचा मुलामा. साध्या बोल्टांना व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की जस्त विरघळतं. भांडं उघड्यावर ठेवा, झाकण लावू नका, त्यातून हायड्रोजन सुटतो. करडे झाले की धुवा, वाळवा आणि लगेच तेल लावा, नाहीतर आपल्या हवेत रात्रीत गंजतात. जाळून जस्त काढायला जाऊ नका, तो धूर विषारी. आणि सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या बोल्टांना आम्लात घालायचंच नाही, कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं. ते पिवळेच राहू देत, गाडीखाली कोण बघतंय. जुने स्क्रू काढताना खाच कुठली होती ते पाहिलंत ना? एका खाचेचे निघाले असतील तर स्टारचे लावू नका. दाराच्या कडेला अण्णांची नजर आधी तिथेच जाईल.

फोंडेकर_डिलाइट:
एका खाचेचेच आहेत, डबीत ठेवलेत. बीडिंगचं मात्र कुणीच बोललं नाही.

बेळगावचा_टर्नर:
जुन्याचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्या आणि त्याच्याशी जाडी जुळवा, गाडीचं नाव सांगून मागू नका. आतून पोकळ किंवा स्पंजाचं घ्या, भरीव नको. चिकटवण्याआधी नुसतं दाबून बसवा आणि दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी थोडा जोर लावून सरकली तर बरोबर. सुटून आली तर तिथे बीडिंग कमी पडतंय, फाटली तर जास्त होतंय. सगळ्या बाजूंनी असं तपासा, बिजागरीकडे विशेष, कारण दार तिथेच अडतं. मग सोल्यूशन लावा आणि वरून शंखजिऱ्याची पूड चोळा. रबराची चमक जाते आणि उन्हात दार चिकटत नाही.