घरात रोकड किती ठेवता?

प्रश्न: परवा रात्री वीज गेली, पाठोपाठ नेटवर्कही. औषध घ्यायला धावलो तर दुकानातलं मशीन बंद, पाकिटात एकच चुरगळलेली नोट. घरात किती रोकड ठेवावी?

उत्तर: २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा खिशात नोटा असलेल्यांचंच निभावलं. नेदरलँड्सची मध्यवर्ती बँक मोठ्या माणसामागे ७० आणि मुलामागे ३० युरो ठेवायला सांगते, तीन दिवसांपुरते.

उत्तर: सुट्टे ठेवा हो! मोठी नोट कोण मोडून देणार? आणि कपड्यांच्या घडीत नको, चोर आधी तिथेच हात घालतो.

प्रश्नकर्ता: आईने पुस्तकात लपवल्या होत्या, पुस्तकासकट रद्दीत गेल्या! यंदा जागा बायकोला सांगून ठेवतो.