साडेपाच महिन्यांची मुलगी, ऑफिस सुरू होतंय, दुधाचं कसं जमवू?

फोंड्याची_आई: मुलगी साडेपाच महिन्यांची आहे, आतापर्यंत फक्त अंगावरच पिते. सोमवारपासून पणजीला ऑफिस, सकाळी आठची कदंबा बस पकडली तर घरी यायला साडेसहा होणार. पंप घेतलाय पण तिला पाजून झाल्यावर अर्धा तास बसले तरी जेमतेम ६० मिली निघतं, ते बघून रडूच येतं. सासूबाई म्हणतात दूध आटलंय, त्यात एवढा उकाडा, तिचा घसा सुकत असेल, पेजेची निवळ आणि पाणी सुरू कर. दिवसभर बाळाला त्याच सांभाळणार आणि मायेनेच सांगतात, त्यामुळे त्यांना दुखवायचंही नाही. नोकरी करून कोणी वर्षभर पाजलंय का?

सांखळीकरीण: मी पाजलंय गं, मुलगा आता दीड वर्षाचा आहे. पाजून झाल्यावर ६० मिली निघतंय म्हणजे चांगलंच आहे की! पंपात किती येतं त्यावरून दूध किती ते ठरत नाही, बाळ पंपापेक्षा कितीतरी जास्त ओढतं. तू नसशील तेव्हा तासाला साधारण ३० मिली धर, म्हणजे दिवसाला तीनशेच्या आसपास. निघायच्या आधी पाज, आल्याआल्या पाज, रात्री तर पाजच. ऑफिसमध्ये दोनतीनदा काढ. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन ब्रेक कायद्याने मिळतात, एचआरला आत्ताच मेल टाकून ठेव. मी विचारलं नाही, पहिला महिना टॉयलेटमध्ये उभी राहून काढलं आणि ते दूध ओतून दिलं. आजही आठवलं की जीव तुटतो, तू तसं करू नकोस.

नर्स_म्हापसा: सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नको, उकाड्यातही नको. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, आणि निवळीने पोट भरलं की बाळ दूध कमी पितं, मग खरंच दूध कमी होतं. चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय ना, मग दूध पुरतंय. काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याआधीच वापरा. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं (दारात नाही, आत मागे ठेवा). बसने आणताना बर्फाच्या पॅकची पिशवी घ्या. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. सहा महिन्यांनंतर मात्र वरचं हवंच, कारण लोह कमी पडायला लागतं. तेव्हाही निवळ नको, उकड्या तांदळाची पेज मऊ घोटून घट्ट द्या, नाचणीचं सत्त्व, डाळ, काटे नीट काढलेला मासा. वर्षापर्यंत मध अजिबात नाही.

डिचोली_२: सासूबाईंना डॉक्टरकडे सोबत ने. माझ्या सासूने माझं ऐकलं नव्हतं, डॉक्टरांचं लगेच ऐकलं. आणि बाळ बाटली घेत नसेल तर हट्ट नको, वाटी-चमच्याने दे.

फोंड्याची_आई: सगळ्यांना थँक्यू गं. काल सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं, वजन ७ किलो भरलं, बघून त्यांनाच बरं वाटलं. आज मी मुद्दाम तासभर बाहेर गेले तर त्यांनी वाटीने ४० मिली पाजलं आणि मला फोन करून सांगितलं. एचआरला मेल गेलाय, उत्तर आलं की इथे लिहीन.