सेल वाढला म्हणून पुढच्या वर्षाचा प्लॅन करायचा का?

लेथवाला: भोसरीत आमचं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं. दोन वर्षांपूर्वी सेल चांगला वाढला म्हणून लोन काढून अजून एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) घेतलं आणि सहाव्या महिन्यात पगाराला पैसे नव्हते. ऑर्डर होत्या, बिलं निघत होती, पण गिऱ्हाइकाचे पैसे १०० दिवसांनी आणि मटेरियलवाल्याला ३० दिवसांत द्यायचे. हे सगळं टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) होतं, आम्ही ते फक्त सीएला द्यायला उघडायचो. आता दर शनिवारी पुढच्या १३ आठवड्यांत कोणत्या तारखेला किती येणार किती जाणार ते लिहून काढतो. माझं मत स्पष्ट आहे, नवीन मशीन, नवीन माणूस, काहीही ठरवायचं तर आधी हा कागद, सेल नंतर.

शिरोलीकर: नाही पटलं. आकडे झालेल्या गोष्टीचे असतात. २००९ ला बजाजने स्कूटर बंद करायचं ठरवलं, त्यांच्याकडे काय आकडे कमी होते? त्यांच्या स्कूटर खपत नव्हत्या हे दिसतच होतं. पुढे ॲक्टिव्हाने स्प्लेंडरलाही मागे टाकलं आणि चेतक परत यायला २०२० उजाडलं, तीही इलेक्ट्रिक.

खातेवही: अहो पण ॲक्टिव्हा २००१ पासून रस्त्यावर होती, तिचा खप वाढतोय हाही आकडाच होता की. आपली स्कूटर खपत नाही म्हणजे स्कूटरच खपत नाही असं वाचलं तर दोष वाचण्याचा. आणि बजाज त्याने बुडाली का? मोटरसायकल आणि एक्सपोर्टवर मस्त चालली, त्यामुळे तो निर्णय चुकलाच असंही मी म्हणणार नाही.

शिरोलीकर: मग २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता जे लॉकडाऊन जाहीर झालं ते कुणाच्या एक्सेलमध्ये होतं?

लेथवाला: कुणाच्याच नाही. पण काहीच आलं नाही तर आपण किती दिवस पगार देऊ शकतो हे ज्याला माहीत होतं तो दुसऱ्या दिवशी बँकेशी बोलला, बाकीचे मे महिन्यात बोलले.

खातेवही: १०० दिवस का थांबता पण? लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. २०२३-२४ पासून तर उशीर केला की गिऱ्हाइकाला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो.

लेथवाला: कायदा माहितीये दादा, तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. म्हणून पीओवर (गिऱ्हाइकाच्या ऑर्डरच्या कागदावर) ६० दिवस लिहिलेत ते मी धरतच नाही, त्या गिऱ्हाइकाच्या मागच्या दहा बिलांचे पैसे खरंच किती दिवसांनी आले ते काढतो. एकाचे ९७ निघाले, तेच धरतो.

शिरोलीकर: हे मान्य, हे आम्हीपण करायला पाहिजे. पण माझी खरी काळजी वेगळीये, आमच्या फौंड्रीतली निम्मी कास्टिंग (धातू ओतून केलेले पार्ट) इंजिनची आहेत, गाडी इलेक्ट्रिक झाली की ती लागणारच नाहीत आणि हे तुमच्या १३ आठवड्यांत कधीच दिसणार नाही.

लेथवाला: त्यात नाही दिसणार, बरोबर. त्यासाठी गिऱ्हाईकवार नाही, पार्टवार सेल काढा, पाच वर्षांचा, आणि रुपयात नाही, नगात. भाव वाढले की रुपये फसवतात. आमचा एक पार्ट रुपयात जवळपास तेवढाच दिसत होता, नगात निम्म्यावर आला होता. त्याच्यासाठी नवीन फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवायची जोडणी) करणार होतो, ते थांबवलं.