मदत हवी आहे: अनुभव नसताना अकाउंट्समध्ये शिरायचंय

क्षेत्र बदलतोय, अकाउंट्सचा अनुभव शून्य. सरावाला एक्सेलमध्ये एका काल्पनिक दुकानाचे व्यवहार घेतलेत: जर्नल (तारखेनुसार नोंदी), लेजर (खात्यांनुसार नोंदी), ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा जुळतात का ते पाहणारा तक्ता), मग बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहणं). ट्रायल बॅलन्स जुळतो, पण त्याचा भरवसा किती? खर्च चुकीच्या खात्यात पडला तरी तो जुळतोच. (न जुळल्यास दोन बेरजांतल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, एवढं कळलंय.)

घोडं अडतंय महिनाअखेरच्या नोंदींवर. वर्षाचा विमा १२,००० भरला तर दरमहा १,००० खर्ची, हे ठीक. पण देणं बाकी असलेल्या पगाराच्या महिनाअखेरच्या नोंदीची उलट नोंद (ती रद्द करणारी) पुढच्या १ तारखेलाच करायची की पगार देताना?

मुलाखतीत काय करून दाखवायला सांगतात? अर्जासोबत ही एक्सेल फाइल जोडावी का? सुरुवात पुरवठादारांच्या बिलांपासून बरी की ग्राहकांच्या वसुलीपासून?