जुन्या डिझेल लँड क्रूझरला सुटा गिअरबॉक्स कंट्रोलर: सकाळी गिअर झटक्याने का पडतात?

प्रश्न (पंपलिव्हर):

नमस्कार. मी मेलबर्नला राहतो. माझ्याकडे 1994 ची टोयोटा लँड क्रूझर आहे, 80 मालिकेतली. इंजिन 1एचझेड, म्हणजे 4.2 लिटरचे, बिनटर्बोचे आणि यांत्रिक डिझेल पंपाचे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे क्लच सोसेना, म्हणून मूळ गिअरबॉक्स उतरवून अडॅप्टरवर जनरल मोटर्सचा 4एल80ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसवून घेतला. बसवण्याचे काम वर्कशॉपने केले. वायरिंग मात्र सुटा कंट्रोलर (गिअर कधी बदलायचे आणि आतल्या ऑइलचा दाब किती ठेवायचा हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आणून मी स्वतः केले. या इंजिनाला थ्रॉटल सेन्सर नसल्याने पंपाच्या लिव्हरला पोटेन्शिओमीटर, म्हणजे लिव्हर हलेल तसे व्होल्टेज बदलणारा सेन्सर, जोडला आहे (पाय सोडलेला असताना 0.6 व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर 4.2), आणि इंजिनाचे फेरे अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (फिरण्याच्या वेगाप्रमाणे विजेची स्पंदने देणाऱ्या टोकावरून) घेतले आहेत.

अडचण अशी, की सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली दोनेक मिनिटे गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, आणि मग कोणीतरी बटण दाबावे तसे सगळे एकदम सुरळीत होते. ऑइल थंड असल्याचा हा परिणाम समजून मी कंट्रोलरमधला दाब पंधरा टक्क्यांनी उतरवला. सकाळचा झटका थोडा कमी झाला, गेला नाही. लॅपटॉपवर एक गोष्ट दिसली: त्या दोन मिनिटांत पाय पेडलवर नसतानाही थ्रॉटल 6 टक्के दाखवतो, नंतर शून्य. पोटेन्शिओमीटर बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर (जुनाडिझेल):

ऑइल दोन मिनिटांत तापत नाही, आणि तापले तरी हळूहळू तापते. तुमचा दोष मात्र एका क्षणात जातो, म्हणजे काहीतरी बंद होत आहे. माझा संशय हीटर प्लगवर, म्हणजे थंड डिझेल इंजिन आतून विजेने तापवणाऱ्या प्लगवर, आहे. इंजिन सुरू झाल्यावरही ते काही वेळ चालू राहतात, आणि सहा प्लगांचा मिळून मोठा प्रवाह इंजिनाच्या ब्लॉकमधून अर्थच्या पट्टीवाटे (ब्लॉकला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणाऱ्या जाड वायरीवाटे) बॅटरीकडे परततो. पट्टी जुनी, गंजलेली असेल, तर तेवढ्या वेळापुरते ब्लॉकचे व्होल्टेज बॅटरीच्या ऋण टोकापेक्षा थोडे वर उचलले जाते. आता सांगा, पोटेन्शिओमीटरची अर्थ वायर तुम्ही कुठे लावली आहे?

ती ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टला लावली असेल आणि कंट्रोलरची अर्थ बॅटरीला असेल, तर ब्लॉकचे व्होल्टेज जितके उचलले जाईल जवळजवळ तितकाच तुमचा सिग्नलही उचलला जाईल. थंड इंजिनावर मल्टिमीटरचे एक टोक ब्लॉकला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला धरून गाडी सुरू करा आणि प्लगचा रिले सुटेपर्यंत आकड्याकडे पाहत राहा.

पंपलिव्हर:

वायर ब्लॉकवरच होती. पंपाशेजारचा बोल्ट हाताशी आला म्हणून. आज सकाळी मोजले: सुरुवातीला 0.25 व्होल्ट, रिलेचा ‘टक्’ आवाज आला आणि आकडा 0.03 वर उतरला. पट्टीचे टोक उघडले तर लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवा गंज धरला होता. पट्टी बदलली आणि पोटेन्शिओमीटरची अर्थ कंट्रोलरच्या सेन्सर-अर्थ पिनला नेली. उद्या थंड इंजिनावर कळेल.

उत्तर (घाटवाट):

निदान बरोबर आहे, पण माझी चिंता वेगळी आहे. उतरवलेला दाब आधी पूर्ववत करा. गाडीमागे कॅरॅव्हॅन लावत असाल, तर ओढण्यापूर्वी नक्की करा.

तुमच्या पंपाचा गव्हर्नर (इंजिनाचे फेरे सांभाळण्यासाठी डिझेल कमीजास्त करणारी यंत्रणा) सर्व वेगांवर काम करणारा असेल, तर लिव्हरची जागा इंजिनाला किती डिझेल मिळते ते सांगत नाही; इंजिनाने किती फेऱ्यांवर फिरावे अशी तुमची इच्छा आहे, एवढेच ती सांगते. चढावर लिव्हर अर्ध्यावर असताना फेरे पडू लागले, की गव्हर्नर आपणहून डिझेल वाढवतो आणि इंजिन पूर्ण जोर लावत असते, पण कंट्रोलर समजतो की चालकाने पाय अर्धाच दिला आहे. तशात दाब कमी ठेवला तर आतले क्लच घसरतात आणि जळतात, आणि हे घसरणे सुरुवातीला इतके मऊ असते की गाडी छान चालते आहे असेच वाटते. कंट्रोलरमधला पेट्रोल गाडीचा तयार तक्ता (किती थ्रॉटलला किती दाब) डिझेलला म्हणूनच चालत नाही; लिव्हरच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच दाब पुष्कळ चढलेला हवा. सकाळचे तुमचे खोटे 6 टक्के एवढे जाणवले, तेही बहुधा तक्ता सुरुवातीला असा चढा असल्यामुळेच, आणि तो चढ योग्यच आहे.

दाबाच्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) दोन्ही वायरी कंट्रोलरलाच गेल्या आहेत ना, तेही पाहा. त्यातली एकही बॉडीला अर्थ करायची नसते. या गिअरबॉक्समध्ये त्या सोलेनॉइडचा प्रवाह शून्य झाला की दाब सर्वाधिक होतो आणि दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद असले की दुसरा गिअर मिळतो. त्यामुळे कंट्रोलरचा फ्यूज काढून मोकळ्या जागेत गाडी थोडी चालवली आणि ‘डी’मध्ये ती दुसऱ्यातच घट्ट चालली, तर निदान त्या गिअरपुरती आतली यंत्रणा ठीक आहे असे धरता येते.

उत्तर (जुनाडिझेल):

सहमत. डब्ल्यू टर्मिनलबद्दल एक भर: बारा ध्रुवांचा अल्टरनेटर आणि पुलीचे गुणोत्तर 2.5 असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्याला पंधरा स्पंदने येतात. आकडा कंट्रोलरमध्ये घालण्यापूर्वी आपल्या पुल्या मोजून घ्या, आणि पट्टा सैल ठेवू नका, कारण तो घसरला की इंजिनाचे फेरे कमी दिसतात आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधल्या ऑइलवर चालणाऱ्या जोडाच्या) घसरणीचा हिशेब चुकतो.

आणि व्हिक्टोरियात असा गिअरबॉक्स बदलल्यावर व्हास योजनेतल्या (बदल केलेल्या गाड्या तपासून प्रमाणित करण्याच्या तिथल्या योजनेतल्या) अभियंत्याचे प्रमाणपत्र घेतले आहे ना? पार्क किंवा न्यूट्रलशिवाय इंजिन सुरू होत नाही, हे तिथे दाखवावे लागेल. त्यासाठीचा स्विच अजून जोडला नसेल तर आताच जोडा.

पंपलिव्हर:

आज सकाळी थंड इंजिनावर थ्रॉटल शून्यावर राहिला आणि पहिला ते दुसरा गिअर कळलाही नाही. दाब पूर्ववत केला आहे. तो स्विच जोडलेला आहे, अभियंत्याची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. पुली आज संध्याकाळी मोजतो.