मदत हवी आहे: पिचरचं कोपर दुखतंय, जिल्हा स्पर्धा आठ दिवसांवर

खडू_शिट्टी (गुरुवार, रात्री ९.४०)
नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलला खेळाचा शिक्षक आहे. १७ वर्षांखालच्या मुलांचा बेसबॉल संघ घेऊन पुढच्या गुरुवारी सांगलीला जिल्हा स्पर्धेला उतरायचंय. माझा मुख्य पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा मुलगा, परवापासून कोपर दुखतंय म्हणतोय. सूज नाही. स्प्रे मारला, बर्फ लावला, तात्पुरतं बरं वाटतं आणि फेकलं की परत दुखतं. क्रेप बँडेज बांधून खेळवावं की कोपरावर चढवायचा पट्टा मिळतो तो घ्यावा? बांधायची पद्धत कुणी नीट सांगेल का? 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, तेवढं मलाही कळतं. वेळ नाही, म्हणून इथे विचारतोय.

मार्केटयार्ड_सांगली (९.५५)
सर, सांगली जिल्ह्यात राहून हळद विसरलात होय? आंबेहळद आणि तुरटी पाण्यात उगाळा, लोखंडी पळीत गरम करा, सोसवेल एवढा लेप लावा आणि वर एरंडाचं पान बांधा. तीन रात्री करा. माझ्या चुलतभावाचा घोटा दुखायचा, चौथ्या दिवशी तो बैलगाडीच्या शर्यतीत पळत होता. पट्ट्याला पैसे घालू नका.

मिरज_फिजिओ (१०.१०)
बांधायचं कसं ते नंतर, आधी हे सांगा. दुखतंय कोपराच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या? हात पूर्ण सरळ होतो का? दुसऱ्या हाताशी ताडून बघा. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात का? फेकताना 'टक' असा आवाज आल्याचं तो म्हणाला का? वय किती? गेल्या आठवड्यात किती पिच, म्हणजे बॅटरला किती चेंडू, टाकले?

खडू_शिट्टी (१०.३२)
आतल्या बाजूला. मुंग्या नाहीत, आवाज नाही. वय संघाचंच, १७ च्या खाली. पिच मोजत नाही, सराव नेहमीसारखा झाला. आता सांगा, पट्टा कुठल्या मापाचा?

जुना_कॅचर (१०.४५)
सर, मी विद्यापीठाच्या संघातून खेळलोय. कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, शिकवलाय का त्याला? शिकवला असेल तर कारण तेच. मनगट पिळलं की कोपर जातं. कर्व्ह बंद करा, सरळ चेंडू टाकू द्या, चार दिवसांत बरा होईल. आमचे पिचर एका दिवसात दोन-दोन सामने टाकायचे, कुणाला काही झालं नाही.

मिरज_फिजिओ (११.०५)
दादा, कुणाला काही झालं नाही म्हणता, पण ज्यांचे हात गेले ते खेळ सोडून गेले. त्यांची मोजदाद तुमच्याकडे कशी असणार? कर्व्हवर ठपका ठेवणं सोपं आहे, पण कर्व्हमुळेच मुलांचं कोपर जातं याला पक्का पुरावा नाही. पुरावा आहे तो जास्त फेकण्याबद्दल आणि थकल्या हाताने फेकण्याबद्दल. अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास झाला. हाताची शस्त्रक्रिया करावी लागलेले तरुण पिचर आणि न लागलेले अशी तुलना होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिच टाकणाऱ्यांना धोका पाचपट निघाला, एका सामन्यात ८० च्या वर टाकणाऱ्यांना चौपट, आणि हात दमलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांना तब्बल ३६ पट.

सर, '१७ च्या खाली' हे वय झालं नाही. १६ चा आहे की १३ चा? सगळं त्यावर आहे.

मार्केटयार्ड_सांगली (११.१५)
मॅडम, पुरावा हळदीचाही आहे. अमेरिकेनं १९९५ ला हळदीचं पेटंट दिलं होतं, आपल्या लोकांनी भांडून १९९७ ला रद्द करायला लावलं. उगाच झालं का ते?

मिरज_फिजिओ (११.२२)
ते पेटंट जखम भरून येण्याबद्दल होतं, कोपराबद्दल नव्हतं. लेप लावला म्हणून बिघडणार नाही, पण चोळू नका आणि गरम लेपानं भाजू नका. माझी भीती वेगळी आहे. लेपानं, स्प्रेनं किंवा गोळीनं दुखणं दबतं आणि पोरगं परत फेकायला लागतं.

खडू_शिट्टी (शुक्रवार, सकाळी ६.५०)
तेरा पूर्ण. आठवीत आहे. उंच आहे म्हणून मोठ्यांत घेतला. जूनपासून चार बोटं तरी वाढलाय, पँट आखूड झाली सगळी.

मिरज_फिजिओ (७.१५)
हेच काल पहिल्या ओळीत हवं होतं, सर.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून जुळलेलं नसतं. मधे कूर्चेचा थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. मनगट वळवणारे स्नायू आणि कोपराचा आतला अस्थिबंध (लिगामेंट) तिथेच धरलेले असतात. जोरात फेकताना ते तिथे हिसका मारतात. मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जातो, मुलाची कूर्चा आधी हार मानते. भराभर उंची वाढत असते तेव्हा तर ती जास्तच नाजूक. याला लिटल लीग एल्बो म्हणतात. सूज नसणं म्हणजे ठीक असणं नव्हे. पट्ट्यानं हा हिसका थांबत नाही, म्हणून मी माप सांगणार नाही.

आज करायचं ते असं. फेकणं बंद, मजेत फेकणंही बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, उघडा बर्फ कातडीवर नको. मालिश नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढा, कारण मुलाच्या हाडात या कूर्चेच्या जागी एक्स-रेत फट मुळातच दिसते, डाव्याशी ताडल्याशिवाय उजवीकडची वाढली का ते कळत नाही.

जुना_कॅचर (७.४०)
मॅडमचं आठवीच्या पोराबद्दल बरोबर आहे, मला वाटलं सोळा-सतराचा असेल. सर, स्कोअरशीट आहे का? त्यात बॉल-स्ट्राइकच्या खुणा असतात. बसा आणि पिच मोजा.

आई_विश्रामबाग (९.०५)
माझा मुलगा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, खेळतो, म्हणून हा धागा वाचतेय. सर, वेगळं विचारते. चेंडू छातीवर बसून मुलगा कोसळला तर तुमच्या मैदानावर सीपीआर कुणाला येतं?

जुना_कॅचर (९.२०)
ताई, विषय कोपराचा आहे. वेगळा धागा काढा.

आई_विश्रामबाग (९.४५)
धागा प्रथमोपचाराचाच आहे, भाऊ. कोपरासाठी आठ दिवस हातात आहेत, छातीसाठी मिनिटं असतात. याला कॉमोशिओ कॉर्डिस म्हणतात. चेंडू बरगडी मोडण्याइतका जोरात लागावा लागत नाही. हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी बसला तर धडधाकट मुलाचं हृदय नुसतं थरथरत राहतं. मूल एक-दोन पावलं टाकतं आणि पडतं. लोक चक्कर समजून तोंडावर पाणी मारत बसतात. हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट नसेल तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला घ्यायची, मधोमध, साधारण ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. शॉक देणारं एईडी यंत्र जवळपास कुठे असेल तर ते पळत जाऊन आणायचं. नुसतं बघत राहिलं तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. मी गेल्या वर्षी प्रशिक्षण घेतलं. पुतळ्यावर दोन मिनिटं दाबलं तर हात भरून आले, तेव्हा कळलं की एका माणसाचं हे काम नाही.

मिरज_फिजिओ (१०.००)
ताईंचं शब्दन् शब्द खरं आहे. सर, संघातल्या दोन मोठ्या मुलांनाही हे शिकवा.

खडू_शिट्टी (दुपारी १.२५)
मधल्या सुट्टीत स्कोअरशीट घेऊन बसलो. रविवारी सरावाचे दोन सामने झाले. पहिल्यात सहा इनिंग यानेच टाकल्या: १०९ पिच, वॉर्म-अपचे वेगळे. दुसऱ्या सामन्याला कॅचर आला नव्हता म्हणून बॅटरच्या मागे चेंडू पकडायला यालाच बसवला. मंगळवारी सरावात परत ४० एक टाकले, तेव्हा दुखतंय म्हणाला. आज विचारलं तर म्हणतो, पंधरा दिवसांपासून दुखतंय, तुम्ही काढाल म्हणून बोललो नाही. शिवाय संध्याकाळी गावात टेनिस बॉलवर फेकी बॉलिंग करतो, हे मला माहीतच नव्हतं.

वाचून हात गार पडले माझे. किती चालतात या वयाला?

मिरज_फिजिओ (२.१०)
अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमांत १३-१४ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त ९५. १४ पर्यंतच्या मुलानं ६६ किंवा जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. तुमच्या मुलानं १०९ टाकून एका दिवसाआड परत ४० टाकले. पिचर आणि कॅचर एकाच दिवशी करणं तर फार वाईट, कारण कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. वर्षात चार महिने तरी फेकण्यापासून सुट्टी हवी, त्यातले दोन-तीन सलग. संध्याकाळची फेकी बॉलिंग त्याच हाताच्या खात्यात धरा.

आणि सर, तो बोलला नाही यात त्याची चूक नाही. मुलं लपवतात. म्हणून मोठ्यांनी चेंडू मोजायचे, आणि वेग कमी व्हायला लागला, कोपर खाली यायला लागलं, मुलगा सारखा हात झटकायला लागला की बदलायचं.

जुना_कॅचर (३.००)
माझ्या उजव्या अनामिकेचं टोक आजही वाकडं आहे. फाउल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागलेला चेंडू, बोटाच्या टोकावर बसला, त्या वेळच्या आमच्या सरांनी 'काही नाही होत' म्हणत बोट धरून ओढलं आणि पुढची इनिंग बसवलं. टोक सरळ करणारी शीर (टेंडन) तुटली होती. नंतर डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी सरळ पट्टीवर बांधून सहा आठवडे अजिबात वाकू दिलं नसतं तर जुळलं असतं. शर्टचं बटण लावताना आजही ते बोट आडवं येतं. सर, काल मी चार दिवसांत बरा होईल लिहिलं, ते मागे घेतो. बोट ओढू नका, कोपर दाबू नका.

बॅटवाला_कुपवाड (३.४०)
ग्रिप घसरू देऊ नका, बॅट सुटून मागच्याला लागते. वाट बघणारी पोरं जाळीच्या मागंच ठेवा.

खडू_शिट्टी (शनिवार, रात्री ८.१५)
मिरजेला जाऊन आलो. त्याच्या वडिलांना बरोबर घेतलं. डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी-शेजारी लावून दाखवले. डावीकडची फट केसासारखी, उजवीकडे बोटानं दाखवता येईल एवढी. हाडाचा तुकडा सुटलेला नाही, पण असंच चालू ठेवलं असतं तर सुटला असता म्हणाले. सहा आठवडे फेकणं बंद, मग परत एक्स-रे. वडील येताना एसटीत एक शब्द बोलले नाहीत. विभागीय स्पर्धेला पोरगं गेलं तर पुढं खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात नोकरीचं बघता येईल, असं त्यांच्या डोक्यात आहे. मी त्यांना काय सांगणार, १०९ मीच टाकायला लावले.

गुरुवारी त्याला फर्स्ट बेसला उभा करू का? तिथे फेकायला कमी लागतं.

मिरज_फिजिओ (८.३०)
नको. कमी म्हणजे शून्य नव्हे. रनर पळाला की तो विसरून फेकणार, तेरा वर्षांचा आहे. नुसत्या बॅटिंगलाही डॉक्टर हो म्हणाले आणि फिरवताना दुखलं नाही तरच.

खडू_शिट्टी (गुरुवार, रात्री ९.०५)
पहिला सामना जिंकलो, दुसरा ७-४ नं हरलो. विभागाला जाणार नाही. तीन पोरांत पिचिंग वाटलं. कोपर दुखणाऱ्याला मोजणीला बसवला होता. आईनं दिलेले चिंचोके डाव्या खिशात, प्रत्येक पिचला एक उजव्या खिशात. ६० झाले की माझ्याकडे बघायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या सामन्यात त्यानं ६० ला बघितलं, मी म्हटलं एवढा बॅटर होऊ दे. ६२ ला तो स्वतःच उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काढला त्या पिचरला.

तो ६२ टाकलेला मुलगा पंधरा पूर्ण आहे, हे आधीच सांगतो. रविवारी मैत्रीचा सामना आहे, पिचिंगला चालेल का?

मिरज_फिजिओ (९.२०)
नाही. १५-१६ ला ६१ ते ७५ पिचनंतर तीन दिवस. शुक्र, शनि, रवि सुट्टी, सोमवारपासून. उजवा हात दुखतोय का, ते उद्या सकाळी त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको.