‘आय बेग टू स्टेट’ला हसणाऱ्यांसाठी

माहुलीकर, सातारा

काल गटावर एकाने कुणाच्या तरी अर्जाचा फोटो टाकला. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट’ अशी सुरुवात, ‘काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज’, म्हणजे ‘योग्य ते करून उपकृत करावे’, असा शेवट. वर मथळा, ‘इंग्रज गेले, गुलाम मागे राहिले’. खाली सगळे हसून मोकळे. मला ते गिळवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे वडील जावळीच्या डोंगरातून साताऱ्याला शिकायला आले ते कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगमुळे. घराण्यातली पहिली सही त्यांची, त्याआधी सगळे अंगठे. इंग्रजी बोलणं त्यांना कधी जमलं नाही, पण अर्ज लिहावा तर त्यांनीच. आपल्याकडं फौजी घरं किती, ते अपशिंग्याकडं बघा, गावाच्या नावातच मिलिटरी आहे. अशा घरांतल्या म्हाताऱ्या आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या. नवऱ्याचं पेन्शन अडकलेलं आणि रेकॉर्ड ऑफिसचं पत्र इंग्रजीत. वडील आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला, मागायचे, त्यातला नंबर समासात उतरवायचे, दोन कागदांत कार्बन घालून पेन दाबून लिहायचे. ‘आय बेग टू स्टेट’पासून ‘युअर्स ओबीडियन्टली’पर्यंत सगळं पाठ. खाली ‘निशाणी डावा अंगठा’. वाक्यं ठरलेली होती म्हणूनच त्यांना ती बिनचूक लिहिता आली. साहेबापुढं ज्यांची वाचा बसायची, त्यांचं म्हणणं त्या ठरीव वाक्यांनी साहेबाच्या टेबलापर्यंत नेलं.

आणि गुलामी कसली? 8 डिसेंबर 1941 रोजी चर्चिलने जपानच्या लंडनमधल्या वकिलातीला युद्ध पुकारल्याचं पत्र धाडलं. सहीच्या वर ‘युअर ओबीडियन्ट सर्व्हंट’, आपला आज्ञाधारक सेवक, असंच लिहिलेलं आहे. तो जपानचा गुलाम होता का? चर्चिलने लिहिलं तर रीतभात आणि जावळीच्या माणसाने लिहिलं तर लाचारी, हा न्याय मला मान्य नाही.

विश्रामबाग, सांगली

माहुलीकर सर, फोटो टाकून हसणं हलकटपणाच आहे, त्यात दुमत नाही. वडिलांबद्दल आदर आहे. पुढचं मात्र पटलं नाही.

मी मुलांची नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेते. जत, आटपाडी, तासगावकडची मुलं असतात. त्यातला एक आयटीआय केलेला, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, चांगला हात बसलेला. कुपवाड एमआयडीसीत अर्ज केला, उत्तर नाही. मेल बघितला तर ‘विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह, आय द अंडरसाइन्ड मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली’... सहा ओळी झाल्या तरी मशीनचं नाव नाही. मोबाइलवर मेलच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. कोण उघडणार? माझ्यासमोर बसवून नवा लिहून घेतला: ‘मी सीएनसी टर्निंग सेंटर चालवतो, सेटिंग स्वतः करतो, सोमवारपासून येऊ शकतो.’ एवढंच, साध्या इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी फोन आला.

आणि ही भाषा जिथून आली तिथंच ती नकोशी झाली. 1948 साली ब्रिटिश ट्रेझरीच्या, म्हणजे तिथल्या अर्थखात्याच्या, सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांना साधं इंग्रजी शिकवायला पुस्तक लिहिलं. त्यांना ओझं झालं ते आपली पोरं अजून का वाहतात? माझा राग पोरांवर नाही, वर्षानुवर्षं तोच अर्ज फळ्यावर लिहून देणाऱ्यांवर आहे.

गणपतीपेठ, सांगली

आमची हळदीची अडत, तिसरी पिढी. आजोबांच्या पत्रांच्या नकला अजून पेढीवर आहेत. ‘युअर फेवर ऑफ द टेन्थ इन्स्टंट टू हँड’, म्हणजे तुमचं चालू महिन्याच्या दहा तारखेचं पत्र पोचलं. मागच्या महिन्याला अल्टिमो, पुढच्याला प्रॉक्झिमो. मुंबईच्या पेढीला असं पत्र गेलं की समोरचा ओळखायचा, माणूस जुना आहे, उधारी द्यायला हरकत नाही. त्यामुळं माहुलीकर म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण 2019 चा पूर आठवा. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, पेठेत गाळे बुडालेले. आमच्या शेजारच्या काकांचं विम्याचं पत्र एका लिहिणाऱ्याकडून करून घेतलेलं. ‘अनप्रेसिडेंटेड कलॅमिटी’ काय, ‘इर्रेपरेबल लॉस’ काय, पानभर. पाणी गाळ्यात कधी शिरलं, किती फूट चढलं, पोती किती भिजली, यातलं एक अक्षर नाही. कंपनीचं उत्तरही त्याच थाटाचं: ‘काइंडली सबमिट द रिक्विझिट डॉक्युमेंट्स अ‍ॅट द अर्लिएस्ट.’ कुठले डॉक्युमेंट्स ते कोण सांगणार? दिवाळी गेली, संक्रांत गेली. काका रोज कुजलेल्या हळदीच्या वासात बसून ते पत्र उलटसुलट करायचे. शेवटी आमच्या मुलाने पॉलिसी नंबर, तारीख, वजनाच्या पावत्या आणि फोटो एका कागदावर ओळीने मांडले, तेव्हा चाक हललं.

मेणवली, वाई

थोडं अवांतर. इंग्रजी जुनं की नवं हे सोडा, अर्ज इंग्रजीत का हा प्रश्न कुणीच विचारत नाही! सरकारी कामकाज मराठीत व्हावं म्हणून केलेला महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. बँकांचंही तेच. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की खातं उघडायचा फॉर्म, पे-इन स्लिप, पासबुक हे इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत हवं. परवा एका बँकेत आईसाठी मराठी फॉर्म मागितला तर काउंटरवरचा म्हणतो, ‘संपलेत.’ आईने मराठीत लिहिलेला अर्ज परत दिला. ऐंशी वर्षांची बाई, सुवाच्य अक्षर. मी तिथंच बसकण मारली, मॅनेजरला बोलावलं, अर्ज घ्यायला लावला आणि पोच घेऊनच उठलो.

गणपतीपेठ, सांगली

मेणवलीकर, मराठीचं म्हणताय तर तहसीलच्या नोटिसा वाचा एकदा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सदरहू प्रकरणी आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’... आणि शेवट ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’. हे डू द नीडफुलच झालं. कुणी, काय, कधी करायचं ते मराठीतही गुलदस्त्यातच.

मेणवली, वाई

त्या मराठीचा मी वकील नाही. पण आमच्या वाईच्या वाड्यांतली जुनी पत्रं बघा. मायना सांगोपांग, ‘विनंती विशेष’ म्हटलं की लगेच मजकूर: अमुक तारखेस अमुक स्वार आले, दाणा इतका लागला. शेवटी ‘कळावे’. मान मायन्यात दिला की बाकीचं पत्र कामाचं. इंग्रजी अर्जाची नक्कल करता करता आपलं सरकारी मराठी बिघडलं.

विश्रामबाग, सांगली

सगळं इंग्रजांवर ढकलू नका. ‘सदरहू’ काय लंडनहून आलं?

मेणवली, वाई

मॅडम, तुम्ही इंग्रजी मेल शिकवून फी घेता, तुम्हाला मराठीचं दुःख कळणार नाही.

विश्रामबाग, सांगली

जतच्या पोरांकडून मी काय घेते ते त्यांनाच विचारा. आणि मी सकाळी दोन तास मराठीत अर्ज लिहून देते, बायकांच्या बचत गटांना, फुकट. माहिती नसताना बोलू नये.

पाटण खोरे, सध्या पुणे

फोटो मीच टाकला होता. नाव झाकून टाकला होता, हे माहुलीकरांनी सोयीस्करपणे गाळलं. मी पाटण तालुक्यातल्या शाळेत शिकलो. बाईंनी हाच अर्ज पाठ करून घेतला. कंपनीत पहिल्याच महिन्यात अमेरिकेच्या क्लायंटला ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहिलं. त्याने कॉलवर सगळ्यांसमोर विचारलं, नक्की काय करू? कान तापले माझे. तो राग आहे माझा. आणि साताऱ्याच्या माणसाने तरी अर्जांचं कौतुक सांगू नये. 1839 साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात अदबशीर इंग्रजीत अर्ज देत राहिले. मिळालं काय? 1848 मध्ये संस्थानच खालसा.

माहुलीकर, सातारा

राज्य अर्जाच्या भाषेने गेलं नाही, कंपनीच्या हावेने गेलं. अर्ज थकल्यावर रंगो बापूजींनी काय केलं तेही सांगा की. 1857 साली साताऱ्यातल्या उठावाची जुळणी त्यांची, मुलगा सीताराम फासावर गेला. अदबीने लिहिणारा माणूस वाकलेला असतो हा तुमचाच समज.

आणि नाव झाकलं म्हणता, अक्षर झाकलं का? ज्याने लिहिलंय तो याच गटात असेल तर त्याने ओळखलं असणार. तुम्हाला क्लायंटसमोर लाज वाटली ती तुम्ही त्याच्या अंगावर टाकली. पुण्याला गेलं की गावाकडच्या अर्जाला हसायचा परवाना मिळतो का?

पाटण खोरे, सध्या पुणे

पुण्याचं काढायचं कारण नव्हतं. आईवडील कोयनेकाठीच राहतात, दर शनिवारी गावी असतो. अक्षराचं डोक्यात आलं नव्हतं. फोटो काढलाय. पण हा नमुना शाळेत शिकवणं बंद झालं पाहिजे, हे मत कायम आहे.

गणपतीपेठ, सांगली

आता कामाचं बोला. पुतण्याला ठिबकच्या अनुदानाबद्दल कृषी कार्यालयात अर्ज द्यायचाय. पूर्वसंमती मिळाली, संच बसला, बिल अपलोड केलं, मोका तपासणीला, म्हणजे शेतावर येऊन संच बघायला, कुणी आलेलं नाही. कसा लिहू?

मेणवली, वाई

मराठीत. हे विचारायची गरजच नाही.

विश्रामबाग, सांगली

मराठीतच, पण ‘उपरोक्त’ नको. पहिल्या ओळीत गट नंबर आणि अर्ज क्रमांक. दुसऱ्या ओळीत संच कुठल्या तारखेला बसला. तिसरीत ‘मोका तपासणी कधी होईल ती तारीख लेखी कळवावी’. बिलाची प्रत जोडा.

माहुलीकर, सातारा

मॅडमची मांडणी चांगली आहे, नंबर आधी हे वडीलही पाळायचे. पण वर ‘मा. महोदय, सविनय’ घालाच.

विश्रामबाग, सांगली

‘महोदय’ राहू द्या. ‘सविनय’ कशाला? अनुदान त्याच्या हक्काचं आहे.

माहुलीकर, सातारा

हक्काचं मागतानाही विनय लागतो.

गणपतीपेठ, सांगली

‘महोदय’ लिहिलंय, ‘सविनय’ गाळलंय. सोमवारी देतोय. दोन प्रती काढल्यात, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन येतो.